भूकंपलेखांच्या संचिका : नाव, प्रत आणि लोप यांची समीक्षा

प्रस्तुत टिपणाचा विषय प्रथमदर्शनी भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. भूकंपमापक यंत्र जमिनीचे कंप अंकांच्या रूपाने टिपते. ते अंक संचिकांमध्ये, म्हणजे रूढ भाषेत फाईलींमध्ये, साठतात. आणि त्या संचिकांना नावे देणे, त्यांच्या प्रती करणे, त्या लावून ठेवणे व कालांतराने त्यांतील काही पुसून टाकणे हे काम तंत्रज्ञाचे मानले जाते. तथापि नाव देणे, प्रत करणे, पाठ राखणे आणि काय गाळावे हे ठरवणे ही कामे भाषेच्या व ग्रंथांच्या अभ्यासकांना परकी नाहीत. किंबहुना ज्या प्रश्नांवर पाठचिकित्सेने गेली शंभर वर्षे श्रम केले, तेच प्रश्न भूकंपनोंदींच्या साठवणीत नव्या वेषाने उभे राहिलेले दिसतात. त्यांची छाननी करणे, आणि आजची प्रचलित पद्धती कोठे निर्दोष व कोठे सदोष आहे हे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणांसाठी अंजनवेलचा परिसर निवडला आहे, त्यास कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर अंजनवेल व उत्तर तीरावर दाभोळ वसले आहे. कोयना नदी सह्याद्रीच्या पूर्वेस वाहत जाऊन कृष्णेस मिळते. परंतु धरणात अडवलेले तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळवले जाते, पोफळीच्या बाजूस वीज निर्माण करून वाशिष्ठीत उतरते, आणि अखेरीस अंजनवेलच्या मुखाशी अरबी समुद्रात जाते. ज्या जलाशयामुळे कोयनेचा परिसर जगाच्या भूकंपशास्त्रात प्रसिद्ध झाला, त्याच्या पाण्याचा शेवट अंजनवेलला होतो. कोयनानगरापासून हे गाव सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरांवर आहे. कोयनेत भूकंप झाला, तर त्याची पहिली लहर येथे अकरा-एक सेकंदांत आणि दुसरी, अधिक जोरकस लहर त्यानंतर सात-आठ सेकंदांनी पोहोचावी. ही सेकंदांची मोजणी पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

१. तारखेचा पाठभेद

कोयनेचा मोठा भूकंप केव्हा झाला, या प्रश्नास महाराष्ट्रातील कोणीही सुशिक्षित मनुष्य ११ डिसेंबर १९६७ असे उत्तर देईल. ते बरोबर आहे. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी धरणीकंप झाला. परंतु आंतरराष्ट्रीय भूकंपसूचींत हाच भूकंप १० डिसेंबर १९६७ या तारखेखाली, २२ वाजून ५१ मिनिटांनी, नोंदलेला आहे. येथे चूक कोणाचीच नाही. भूकंपनोंदी जागतिक समन्वित वेळेनुसार ठेवल्या जातात व भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. परिणामी आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत घडलेली प्रत्येक घटना संचिकेत आदल्या दिवशी जाऊन बसते. दिवसाचा जवळजवळ चौथा हिस्सा असा स्थानांतरित होतो.

किल्लारीचेही तसेच झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५५ मिनिटांनी झालेला तो भूकंप सूचींत २९ सप्टेंबर, २२ वाजून २५ मिनिटे, असा सापडतो. महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासातील हे दोन अत्यंत विनाशक भूकंप, दोन्ही पहाटेचे, आणि म्हणून दोहोंची लोकस्मृतीतील तारीख संचिकेतील तारखेशी जुळत नाही. नवखा विद्यार्थी ११ डिसेंबरची संचिका उघडील, तर त्याच्या हाती मुख्य धक्का न येता केवळ पश्चात्कंप येतील, आणि नोंद हरवली असा त्याचा ग्रह होईल.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. ११ डिसेंबर १९६७ हा इंग्रजी गणनेने सोमवार. परंतु पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पंचांगाचा रविवारच चालू होता. म्हणजे ग्रिनिचची गणना आणि पंचांगाची गणना यांचे, भिन्न कारणांनी का होईना, एकमत होते. किल्लारीची आपत्तीही लोक गणेशविसर्जनाची रात्र म्हणूनच आठवतात. दिवस हा निसर्गदत्त पदार्थ नाही, तो संकेत आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. संकेत कोणताही चालेल. मात्र कोणता संकेत पाळला आहे हे संचिकेवर लिहिलेले असले पाहिजे. अनेक यंत्रांत वेळेचा विभाग यंत्र बसवणाऱ्यास निवडता येतो. एका केंद्रावर स्थानिक वेळ व दुसऱ्यावर जागतिक वेळ ठेवली गेली आणि नावात त्याचा उल्लेख नसला, तर दोन्ही संचिका दिसावयास सारख्याच शहाण्या दिसतात आणि त्यांचा मेळ मात्र कधीच बसत नाही. साडेपाच तासांचा फरक निदान डोळ्यांत भरतो. घड्याळ एका सेकंदाने चुकले तर ते कोणाच्याही नजरेस येत नाही, परंतु पहिल्या लहरीच्या वेगाने हिशेब केल्यास भूकंपाचे स्थान सुमारे सहा किलोमीटर सरकते.

वर्षातील दिवस मोजण्याची जी पद्धत संचिकांच्या नावांत रूढ आहे तीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. महिना व तारीख न लिहिता १ जानेवारीपासूनचा क्रमांक लिहितात. त्यानुसार कोयनेचा भूकंप १९६७ च्या ३४४ व्या दिवशी झाला. या क्रमांकास सर्रास ज्युलियन दिवस म्हणतात, आणि ते नाव चुकीचे आहे. कारण ज्योतिर्गणितातील ज्युलियन दिवस इसवी सनापूर्वी ४७१३ पासून अखंड मोजला जातो व त्याचा वर्षारंभाशी काहीही संबंध नाही. क्रमांकाची सोय मान्य करावी, नावाचा गैरवापर करू नये.

२. रूढ, यौगिक आणि योगरूढ

आपल्या व्याकरणपरंपरेने शब्दांचे रूढ, यौगिक व योगरूढ असे जे भेद केले आहेत, ते संचिकांच्या नावांस उत्तम प्रकारे लागू पडतात.

रूढ नाव म्हणजे ज्याचा अवयवार्थ लागत नाही असे. यंत्राने आपल्या क्रमाने दिलेले १, २, ३ हे क्रमांक या जातीचे. अशी नावे लहान व बिनचूक असतात. परंतु त्यांचा अर्थ त्या विशिष्ट यंत्राच्या विशिष्ट साठ्यापुरताच मर्यादित असतो. साठा पुसून यंत्र पुन्हा सुरू केले की क्रमांक पुन्हा एकपासून चालू होतो. मग जुन्या व नव्या संचिका एका कप्प्यात आल्या की एकाच नावाचे दोन धनी होतात आणि नंतर आलेला पहिल्यास पुसून त्याच्या जागी बसतो. संस्कृत व्याकरणात टि, घु, भ यांसारख्या अर्थहीन वाटणाऱ्या संज्ञा आहेत. पण त्यांच्यामागे पाणिनीने दिलेली व्याख्या उभी आहे. व्याख्येवाचून रूढ संज्ञा म्हणजे केवळ खूण होय, आणि खूण तिच्या करणाऱ्याबरोबरच संपते.

यौगिक नाव अवयवांनी बनते. पॉट्सडॅम येथील संशोधनसंस्थेत विकसित झालेल्या साइसकॉम्प या प्रणालीची पद्धत अशी : प्रथम जाळ्याचे चिन्ह, मग केंद्राचे, मग केंद्रातील स्थळाचे, मग वाहिनीचे, त्यानंतर साठ्याचा प्रकार, वर्ष व दिवसाचा क्रमांक. नाव वाचताच संचिका कोठली, कोणत्या यंत्राची व कोणत्या दिवसाची हे कळते, आणि दोन संचिकांस एकच नाव येण्याचा संभव राहत नाही. संचिका ज्या कप्प्यात ठेवावयाची तो कप्पाही याच अवयवांनी ठरतो.

योगरूढ नावाचे उदाहरण म्हणून नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या सायसॅन या प्रणालीतील लहरसंचिकांकडे बोट दाखवता येईल. तेथे नाव अवयवांनीच बनते : वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद, जाळे व वाहिन्यांची संख्या. परंतु त्याचा व्यवहार एका विशिष्ट घटनेपुरता संकुचित होतो. सलग प्रवाहातून एका भूकंपाचा तुकडा कापून त्यास त्याच्या आरंभक्षणाचे नाव द्यावयाचे, हा तेथील संकेत. विश्लेषकास ही पद्धत अत्यंत सोयीची आहे. मात्र घटना कोणती हे ठरल्यावाचून नावच देता येत नाही. निष्कर्ष आधी व नोंद नंतर, असा क्रम तीत अनुस्यूत आहे.

यातून एक नियम निघतो. नावात फक्त तेवढेच यावे जे पुढील संशोधनाने बदलणार नाही. कोणत्या केंद्रावर, कोणत्या यंत्राने, कोणत्या वेळी, हे बदलत नाही. भूकंपाची महत्ता मात्र बदलते : कोयनेच्या भूकंपाची महत्ता काही ग्रंथांत ६.३ तर काहींत ६.५ अशी दिली आहे. नावात महत्ता घातली तर गणना सुधारल्याबरोबर नाव खोटे ठरते. आमच्या वृत्तपत्रांनी महत्ता व तीव्रता हे दोन शब्द एकच मानून आधीच घोटाळा करून ठेवला आहे. महत्ता भूकंपाची असते व ती एकच असते. तीव्रता ठिकाणाची असते व गावोगाव वेगळी असते. कोयनानगरची तीव्रता आणि अंजनवेलची तीव्रता निराळी असणारच. हा भेद ज्याच्या नावात पुसला गेला, ती संचिका वाचकास चकवल्याशिवाय राहणार नाही.

३. वाहिनीचे व्याकरण

अंकीय भूकंपमापक जाळ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८७ साली सीड हे प्रमाण स्वीकारले. त्यातील वाहिनीचे तीन अक्षरी चिन्ह हा भाषाशास्त्रज्ञाने अवश्य पाहावा असा नमुना आहे. पहिले अक्षर नोंदीची गती व यंत्राचा पल्ला सांगते, दुसरे यंत्राची जात, तिसरे दिशा. एचएचझेड असे चिन्ह असल्यास पहिला एच म्हणजे सेकंदास ८० ते २५० नमुने घेणारी विस्तृत पल्ल्याची नोंद. दुसरा एच म्हणजे संवेदनक्षम भूकंपमापक. आणि झेड म्हणजे ऊर्ध्व दिशा. एचएनएन या चिन्हात मधला एन त्वरणमापकाचा व शेवटचा एन उत्तरेचा. अक्षर एकच, अर्थ स्थानावरून. मराठीत ‘ने’ हा ध्वनी ‘रामाने’ येथे कर्त्याचा व ‘सुरीने’ येथे साधनाचा निदर्शक असतो आणि वाक्यातील संबंधावरून आपण तो भेद जाणतो. येथे तो भेद केवळ क्रमाने जाणावयाचा आहे. तीन अक्षरांत एवढा अर्थ भरण्याचे हे लाघव प्रशंसनीय आहे, यात शंका नाही.

या व्याकरणात प्रामाणिकपणाचीही एक सोय आहे. यंत्राचा अक्ष खऱ्या उत्तरेपासून पाच अंशांहून अधिक ढळलेला असेल, तर एन व ई ही अक्षरे न वापरता १ व २ हे अंक लिहावेत असा संकेत आहे. कोयना परिसरात खोल विवरांत उतरवलेल्या यंत्रांस ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. कारण नळीतून खाली सोडलेले यंत्र तळाशी कोणत्या दिशेस तोंड करून बसले हे वरून दिसत नाही. जे माहीत नाही ते माहीत असल्याचा आव नावाने आणू नये, हा त्या अंकांचा अर्थ. पाठसंपादक संदिग्ध अक्षराखाली नागमोडी रेघ ओढतो, ती याच जातीची.

दोष पाहावयाचे तर पहिला लिपीचा. केंद्राचे चिन्ह फार तर पाच रोमी अक्षरांचे, आणि व्यवहारात बहुधा तीन-चारांचे. आमच्या गावांच्या नावांतील ळ व ल, ण व न, ट व त हे भेद त्यात राहत नाहीत. दाभोळ व दापोली ही शेजारची नावे तीन रोमी व्यंजनांत बसवली, तर ती केवळ मधल्या एका अक्षराने वेगळी राहतात. हस्तलिखितांत घ व ध, म व भ, थ व य यांच्या गफलतींनी किती पाठ बिघडले हे आपण जाणतो. चिठ्ठीवर हाताने लिहिलेल्या रोमी ओ आणि शून्य यांची गफलतही त्याच कुळातली आहे. २०२३ साली मिनिसीडच्या तिसऱ्या आवृत्तीने अक्षरमर्यादा पुष्कळ सैल केली, ही समाधानाची बाब होय. परंतु जुन्या संचिका जुन्याच नावांनी राहणार आहेत.

दुसरा दोष स्थाननामाचा, आणि तो संगणकाचा नसून माणसांचा आहे. अंजनवेलचे उदाहरण यास बोलके आहे. येथील किल्ला जुन्या कागदांत अंजनवेलचा किल्ला. अठराव्या शतकात तुळाजी आंग्रे यांनी तो घेतल्यावर त्यास गोपाळगड म्हणू लागले. अभ्यासकास दोन्ही नावांखाली शोध घ्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या शेवटी येथे उभा राहिलेला वीजप्रकल्प ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणून देशभर गाजला. वस्तुतः तो दाभोळात नसून खाडीच्या अलीकडे, अंजनवेलच्या बाजूस आहे. दाभोळ दापोली तालुक्यात येते. पुढे २००५ साली स्थापन झालेल्या कंपनीने त्यास रत्नागिरीचे नाव दिले. एकाच जागेस अंजनवेल, दाभोळ आणि रत्नागिरी अशी तीन नावे! येथे उद्या भूकंपमापक बसवला व त्यास प्रकल्पाच्या नावावरून चिन्ह दिले, तर पन्नास वर्षांनंतरचा वाचक त्यास खाडीच्या पलीकडे शोधील. केंद्राचे नाव अक्षांश-रेखांशाशी बांधलेले असावे. धन्याच्या नावाशी बांधू नये. यंत्र दूर हलवले तर केंद्रास नवे चिन्ह द्यावे, आणि जुने चिन्ह कधीही दुसऱ्यास देऊ नये.

४. पुष्पिका

जुन्या पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, स्थळ, शक, तिथी व मूळ प्रत यांची नोंद करीत असे. तीस पुष्पिका म्हणतात. पुष्पिका फाटली की पोथी वाचता येते, परंतु तिचे प्रामाण्य लंगडे पडते.

भूकंपसंचिकेस पुष्पिकेची गरज याहूनही अधिक आहे. संचिकेतील अंक जमिनीची गती सांगत नाहीत. ते यंत्राने मोजलेले निव्वळ एकक असतात. एका एककास सेकंदाला किती मीटर, हे यंत्राच्या संवेदनक्षमतेवरून व प्रतिसादावरून काढावे लागते. मिनिसीड या आज सर्वाधिक प्रचलित प्रकारात ही माहिती संचिकेत नसते. ती वेगळ्या संचिकेत असते. अशी फारकत करण्यास सयुक्तिक कारण आहे : प्रतिसादाची माहिती पुढे दुरुस्त झाली तर हजारो लहरसंचिकांस हात लावावा लागत नाही. परंतु या सोयीची किंमत अशी की पोथी एका कपाटात व पुष्पिका दुसऱ्यात राहते. यंत्र बदलले, त्याची प्रवर्धनाची पातळी बदलली, आणि दिनांकासह ती नोंद झाली नाही, तर अंक शाबूत राहूनही अर्थ नष्ट होतो. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या अशाच कित्येक शतके शाबूत होत्या. संकेताची किल्ली पंथाबाहेर नसल्यामुळे त्या इतरांस अवाच्य राहिल्या.

कोयनेच्याच नोंदीने या बाबतीत धडा दिला आहे. धरणाच्या सज्जात बसवलेल्या त्वरणलेखकाने १९६७ चा धक्का छायाचित्रण-माध्यमावर टिपला. धरणाच्या इतक्या निकट मिळालेली ती नोंद जगभर अभ्यासली गेली. काँक्रीटची धरणे भूकंपात कशी वागतात हे पडताळण्यासाठी ती आजही वापरली जाते. धरणाच्या अक्षाच्या दिशेतील तिचे शिखरमूल्य गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेत ०.४९ पट व ऊर्ध्व दिशेत ०.३४ पट असे दिलेले आढळते. परंतु गणकीय अभ्यासांत सर्रास फिरणाऱ्या अंकीय प्रतीत प्रवाहाच्या दिशेचे मूल्य ०.४७ च्या आसपास आणि ऊर्ध्व मूल्य ०.३१ च्या आसपास आहे. रेषेवरून अंक करणे म्हणजे एका लिपीतून दुसरीत प्रत करणे होय. कोणी रेषा कोठे धरली, कोणती दुरुस्ती केली, यानुसार पाठ बदलतो. पाठभेद असणे हा दोष नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. तिच्यात पाठभेद लपवले नाहीत, तळटीपांत सांभाळले. दोष तेव्हा घडतो जेव्हा प्रतीवर तिच्या वंशावळीची नोंद नसते आणि वाचक आपल्या हातातील प्रतीस मूळ समजतो.

५. शून्य आणि अभाव

पाणिनीने अदर्शनास लोप अशी संज्ञा दिली. जेथे प्रत्यय दिसत नाही तेथेही त्याची जागा आहे, ही ती कल्पना. आधुनिक भाषाशास्त्रातील शून्यरूपिकेची कल्पना हीच. परंतु शून्यरूपिका आणि फाटलेले पान यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात भाषेनेच काही म्हटले नाही. दुसऱ्यात भाषेने काय म्हटले हे आपणांस कळत नाही.

भूकंपनोंदीत वीज गेली, तार तुटली, साठा भरला, की खंड पडतो. अनेक गणनप्रणालींना सलग मालिका हवी असते, म्हणून तो खंड शून्यांनी भरण्याची रीत पडली आहे. गणनेच्या क्षणापुरते हे चालेल. परंतु अशी भरलेली संचिका मूळ म्हणून साठवली, तर ती सांगते की त्या वेळी जमीन पूर्ण निश्चल होती. अशी निश्चलता पृथ्वीवर नसते. ज्याची नोंद नाही त्यास ‘काही घडले नाही’ असे म्हणणे हा पाठशास्त्राच्या भाषेत प्रक्षेप होय, आणि सर्व प्रक्षेपांत तो ओळखण्यास कठीण, कारण तो मौनाचा वेष घेतो. मूळ संचिकेत खंड हा खंडच राहिला पाहिजे.

६. ‘गोंगाट’ या शब्दाची चिकित्सा

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो : काय पुसावे?

हिशेब साधा आहे. तीन वाहिन्या, सेकंदास १०० नमुने, दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे दिवसाला २,५९,२०,००० नमुने. प्रत्येकास चार बाइट धरल्यास एका केंद्राचे दिवसाला सुमारे १०४ मेगाबाइट, वर्षाला सुमारे ३८ गिगाबाइट. दोन लागोपाठच्या नमुन्यांतील फरकच तेवढा लिहिण्याच्या स्टाइम पद्धतीने हा आकार पुष्कळ घटतो. या पद्धतीत शांत दिवसाची संचिका लहान व अस्वस्थ दिवसाची मोठी होते. संचिकेचा आकार पाहूनच जाणत्यास दिवसाचा स्वभाव कळतो. आज हा साठा परवडणारा आहे. परंतु पूर्वी तो परवडत नव्हता, आणि दुर्गम केंद्रावरील यंत्रात आजही जागा मर्यादित असते. तेथे स्मृती वर्तुळाकार असते : साठा भरला की सर्वांत जुनी नोंद आपोआप पुसून तिच्या जागी नवी येते. म्हणून कंपाची पातळी अकस्मात ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली, तर तेवढाच तुकडा कायम राखावयाचा व उरलेले जाऊ द्यावयाचे, अशी योजना करतात. त्या उरलेल्यास नाव मिळाले गोंगाट.

हे नाव निरुपद्रवी नाही. ज्यास आपण गोंगाट म्हणतो तो बंद करावा, झाकावा, पुसावा असेच मनात येते. शब्दाने वस्तूचे मूल्य आधीच ठरवून टाकले. वास्तविक अंजनवेलसारख्या किनाऱ्यावर जो अखंड मंद कंप जमिनीत असतो, तो बहुतांशी समुद्राचा आहे. पाच-दहा सेकंदांच्या आवर्तनाचे हे सूक्ष्मकंप लाटांतून जन्मतात आणि पावसाळ्यात, वादळात वाढतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील नोंदींवरून सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भारतीय समुद्रांतील वादळी हवामान व सूक्ष्मकंप यांचा संबंध अभ्यासला आणि त्याविषयीचा प्रबंध १९३० साली प्रसिद्ध केला. भूकंपशास्त्राच्या दृष्टीने जो कचरा, त्यातून त्यांनी समुद्राची वार्ता वाचली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तर असे सिद्ध झाले की दोन केंद्रांवरील दीर्घकाळच्या पार्श्वकंपांची तुलना केल्यास, कोणताही भूकंप झाला नसतानाही, त्या दोहोंमधील भूस्तरांची रचना काढता येते. ज्यांनी केवळ भूकंपाचे तुकडे राखले, त्यांच्या हाती या नव्या विद्येसाठी काही उरले नाही. म्हणून गोंगाट हा शब्द सोडून पार्श्वकंप हा शब्द स्वीकारावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. शब्द बदलल्याने साठा वाढत नाही हे खरे. परंतु पुसणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो.

प्रश्न केवळ नव्या विद्येचा नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी शिवसागर जलाशय भरू लागल्यापासून कोयना-वारणा परिसरात पाच वा अधिक महत्तेचे वीसहून अधिक भूकंप झाले, आणि लहान धक्क्यांची तर गणतीच नाही. जलाशयाची पातळी व धक्क्यांची संख्या यांचा संबंध हा तेथील संशोधनाचा गाभा आहे. आता यंत्राची ती मर्यादा एखाद्या वर्षी खाली आणली, तर अधिक लहान धक्के नोंदले जातील व सूचीत संख्या वाढेल. वर नेली तर घटेल. जमिनीने काहीच बदल केलेला नसताना आलेखात चढउतार दिसेल. मर्यादा केव्हा व का बदलली याची नोंद संचिकांबरोबर राहिली नसेल, तर पुढील संशोधक यंत्राच्या खुंटीस सह्याद्रीचा स्वभाव समजेल. कोयनाकाठच्या आणि वाशिष्ठीकाठच्या लोकांना आपल्या पायाखालील जमिनीविषयी जे सांगितले जाते, त्याचा आधार अखेर या नोंदीच आहेत. ही गोष्ट केवळ कार्यालयीन व्यवस्थेची नाही, ती यामुळेच.

७. रुमाल आणि यादी

पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध केले. निवड थोर होती. परंतु निवडलेले छापले म्हणून उरलेले रुमाल कोणी जाळले नाहीत, आणि म्हणूनच पुढील पिढ्यांना महसूल, दुष्काळ, वेठबिगार यांविषयी नवे प्रश्न विचारता आले. निवड व नाश या दोन वेगळ्या क्रिया आहेत. घटनासंचिका ही निवड होय. सलग संचिका हे दप्तर होय.

या सर्व विवेचनावरून व्यवहारापुरते काही नियम सांगता येतील. मूळ संचिका यंत्रातून जशी आली तशीच राखावी. दुरुस्ती तिच्या प्रतीवर करावी व प्रतीस वेगळे नाव द्यावे. किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. एकाच इमारतीत ठेवलेल्या दोन प्रती भूकंपाच्या प्रदेशात एकच प्रत समजावी. प्रत मूळाबरहुकूम आहे की नाही हे तपासणी-बेरजेने पडताळल्याखेरीज यंत्रातील साठा पुसू नये. नावात जाळे, केंद्र, स्थळ, वाहिनी व जागतिक वेळ एवढेच यावे. अर्थनिर्णय सूचीत यावा. घड्याळाची, मर्यादेची व यंत्रबदलाची रोजनिशी लहरसंचिकांइतक्याच काळजीने जपावी. खंड हा खंड म्हणूनच ठेवावा. आणि जे पुसले, ते केव्हा, कोणी व का पुसले, एवढी एक ओळ तरी मागे ठेवावी.

प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीविषयी निर्णय द्यावयाचा झाल्यास असे म्हणता येईल की तिचे नामव्याकरण उत्तम, पुष्पिकाव्यवस्था विचारपूर्वक केलेली परंतु बेफिकीर हातांत धोक्याची, आणि पुसण्याचा विवेक मात्र तिने वापरणाऱ्यावर सोडलेला आहे. हा विवेक यंत्राच्या पुस्तिकेत शिकवला जात नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाल्यावर ते स्मरणाच्या आधाराने पुन्हा सिद्ध करावे लागले, आणि त्यातून पाठांच्या निरनिराळ्या परंपरा उत्पन्न झाल्या. तेथे निदान स्मरण करणारी माणसे होती. जमिनीच्या कंपांचे स्मरण करणारे मनुष्य नसते. एकदा पुसलेला पहाटेचा क्षण परत सांगावयास कोणीच नसते, म्हणून संचिकेचा लेखनिक हाच तेथील एकमेव साक्षीदार होय, आणि आमच्या विभागांनी त्यास ग्रंथपालाइतका व पाठसंपादकाइतका मान द्यावा.